मागे तुटलेला धागा

कल्पना करा, तुम्ही एका लांब, अरुंद गल्लीत उभे आहात. दोन्ही हातांना कताईची यंत्रं आहेत, रिंग फ्रेम. त्यांच्यावर ओळीनं बॉबिनी भिंगरीसारख्या फिरताहेत आणि प्रत्येक बॉबिनीवर वरून एक बारीक धागा उतरून गुंडाळला जातोय. तुमचं काम साधं आहे. धागा तुटला की जोडायचा.

आता तुमच्या पाठीमागे एक धागा तुटतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून तुम्हाला तो दिसतो. तुम्ही काय कराल? वळाल. नवीन आलेला प्रत्येक जण वळतोच. मागे जाऊन तो जोडेपर्यंत पुढे एक तुटतो, मग तुम्ही तिकडे पळता. तेवढ्यात डावीकडे तुटतो. थोड्या वेळात तुम्ही घामाघूम, आणि तुटलेले धागे सुरुवातीपेक्षा जास्त. तुटलेल्या प्रत्येक जागी कापूस धाग्यात न जाता हवेच्या नळीत ओढला जातोय, म्हणजे वाया जातोय.

म्हणून गिरणीत पहिला धडा असतो तो चालण्याचा. मागे तुटला तरी वळायचं नाही. समोर येईल तो जोडायचा आणि पुढे जायचं. गल्लीचं टोक आलं की दुसऱ्या अंगानं परत यायचं, तेव्हा राहिलेला धागा आपोआप समोर येतो. ह्याला फेरी म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण पाठीमागे काहीतरी बिघडलंय हे माहीत असताना पुढे चालत राहणं किती जड जातं, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

प्रियदर्शनी सिरसाट हे काम कैक वर्षं करतेय. नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत ती सायडर आहे, म्हणजे यंत्राच्या काही बाजू तिच्या हवाली असतात आणि त्या नीट चालवणं तिच्या अंगावर असतं. मी त्याच गिरणीत क्वालिटी विभागात शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा धागा कसा सांधतात ते मला पहिल्यांदा तिनं दाखवलं. डाव्या हातानं चाती, म्हणजे बॉबिन ज्याच्यावर फिरते तो दांडा, थांबवायची, बॉबिनीवरचं टोक शोधायचं, रिंगवरच्या त्या इवल्या कडीतून ओवायचं आणि वरून येणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं. तिची बोटं हे करताना दिसतच नाहीत. आपल्याला फक्त जुळलेला धागा दिसतो.

तिचं माहेर तेल्हाऱ्याचं. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायचे. "आमच्या घरानं कापूस लय वेचला," ती सांगते, "पण त्याचा धागा करणारी मीच पहिली." हे सांगताना ती मान थोडी वर करते. लग्न होऊन ती अमरावतीला आली. नवरा देवमन ऑटो चालवतो, सासू सुंदराबाई घरी असतात, आणि मुलगी संघमित्रा नववीत आहे. तिला सगळे मित्रा म्हणतात.

माहेरी आणि सासरी मिळून प्रियदर्शनीला एक मान होता. काही अडलं की फोन तिलाच. तेल्हाऱ्यात धाकट्या बहिणीचं नवऱ्याशी वाजलं, फोन. विहारात बुद्ध पौर्णिमेच्या खिरीला दूध कोणाकडून घ्यायचं, फोन. अकोल्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा भाऊ पिंटू, त्याला निळा शर्ट घ्यावा की पांढरा, तरी फोन. आणि सोयरीक जुळवण्यात तर तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. नात्यातल्या कुठल्याही घरात पोरगी पाहायला जायचं तर प्रियदर्शनी पाहिजेच. तिचा एक ठरलेला प्रश्न होता, तो साऱ्या नात्यात गाजलेला: "दूध उतू जाऊन राहिलं, तर पहिले गॅस बंद करशीन का पातेलं उचलशीन?" उत्तर काहीही आलं तरी ती मान डोलवायची. तिला उत्तराशी घेणंदेणं नसायचं. पोरगी विचार करते का घाबरते, एवढंच ती बघायची.

शेडमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे. पण प्रियदर्शनी तो ॲप्रनच्या आत लपवून न्यायची, आवाज बंद करून. तो सारखा थरथरायचा. ती घ्यायची नाही, पण प्रत्येक थरथरीला डोक्यात एक माणूस उभं राहायचं. बहीण असेल का? पिंटू? आत्याबाईंची, म्हणजे सासूची, गोळी संपली असेल का? हात धाग्यावर आणि मन तेल्हाऱ्यात, अशी तिची फेरी सुरू झाली. समोरचा तुटलेला धागा डोळ्यांना दिसून मनाला दिसेना. तिच्या बाजूंवर वाया जाणारा कापूस वाढत गेला, आणि एक दिवस जॉबर शालिकराम, म्हणजे आमच्या शेडचा मुकादम, तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"प्रियाबाई, उद्यापासून ह्या बाजू दुसऱ्या पोरीले देतो."

"काहून शालिकभाऊ?"

"काहून म्हणजे? तुमी इथी असता का? मले तर तुमी दिसता, पण असता का?"

तिला कचऱ्याच्या कामावर टाकलं. हातात पोतं घेऊन सगळ्यांच्या यंत्रांखालचा वाया गेलेला कापूस गोळा करायचा. ज्या पोरींना तिनं धागा जोडायला शिकवलं त्यांच्या पायाशी वाकायचं. बाजू परत हव्या असतील तर पूर्ण पाळीची ट्रायल द्यावी लागते. ती ट्रायल शालिकराम ठरवेल तेव्हा. नापास झालं तर पोतं कायमचं.

जेवणाच्या सुट्टीत पोरी टोमणे मारायच्या. "ताई, आता आरामच आराम. चालाचं आन् वाकाचं, योगासनंच हो तुमचे!" ती हसायची आणि डबा संपवायची.

पोत्याचं काम करताना एक गोष्ट घडली. प्रियदर्शनीच्या जुन्या बाजूंवर आलेली पोरगी अगदी नवी होती. मागे धागा तुटला की वळायची, पुढे तुटला की पळायची. प्रियदर्शनी पोतं टेकवून बघत राहिली आणि तिला हसूच आलं. "पाय तरी मोजून टाक माय," ती ओरडली. यंत्रांच्या आवाजात ते त्या पोरीला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्याच क्षणी ॲप्रनमध्ये फोन थरथरला, आणि प्रियदर्शनीचा हात पोतं सोडून तिकडे गेला. हात अर्ध्यावर थांबला. ती पुन्हा त्या पोरीकडे बघू लागली. आता तिला हसू येत नव्हतं.

"मी यंत्रावर कधीच पळाली नाही," तिनं मला नंतर सांगितलं. "मले फेरी येते. इतके दिवस मी फक्त इथीच फेरी करत होती आन् बाहेर त्या पोट्टीसारखी पळत होती."

दुसऱ्या दिवशी तिनं फोन घरीच ठेवला. कंपनीची बस पकडायला ती निघाली तेव्हा सुंदराबाई दारापर्यंत फोन घेऊन आल्या.

"काय व प्रिया, डब्बा नेला आन् हे राहिलं."

"राहिलं नाही आत्याबाई, ठेवलं. कोणाचा आला तर सांगजा, संध्याकाळी फेरीत घेईन."

"कायच्या फेरीत?"

संध्याकाळी तिनं सगळं समजावलं. घरी आल्यावर हातपाय धुऊन, चहा पिऊन ती एकदा बसणार. आलेले फोन ओळीनं करणार. एकाला वेळ लागला म्हणून दुसऱ्याकडे उडी मारायची नाही, आणि मधेच कोणी हाक मारली तर वळायचं नाही. जे राहील ते उद्याच्या फेरीत. विहाराच्या महिला मंडळाचं अध्यक्षपद तिनं शेजारच्या लीलाबाईंना देऊन टाकलं. लीलाबाईंना ते कधीचं हवं होतं, त्यांनी त्याच दिवशी नवं पातळ काढलं. नात्यातल्या मोबाईल ग्रुपची जबाबदारीही तिनं सोडली.

सुंदराबाईंना हे काही पटलं नाही. "मोठी आली मिलवाली! माणसं का बॉबिनी हायत?"

"नाही ना आत्याबाई. बॉबिन तरी गप बसते."

देवमन भिंतीला टेकून हसत होता. सुंदराबाईंनी त्याला विचारलं, तुले काय झालं रे दात काढाले? तो म्हणाला, "काई नाई माय. मी पण लायनीतच बसलो हावो."

पहिले काही दिवस जड गेले. बहिणीनं रुसून फोन करणं बंद केलं. मग तिचं तिनंच नवऱ्याशी मिटवलं आणि आठवड्यानं सहज म्हणून फोन केला. निम्मे फोन तर प्रियदर्शनीनं उलट केले तेव्हा समोरून "झालं ते, राहू दे" असंच यायचं. तिला हलकं वाटायला लागलं. रस्त्यानं चालताना गुलमोहर फुललाय हे तिला त्या वर्षी पहिल्यांदा दिसलं, असं तिनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

आणि मग शालिकरामनं ट्रायलचा दिवस सांगितला. रविवार. नेमका तोच रविवार, ज्या दिवशी अकोल्यात पिंटूसाठी पोरगी पाहायला जायचं ठरलं होतं.

पोरगी आरती नावाची, अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स. हे स्थळ प्रियदर्शनीनंच शोधलेलं. तिनं पिंटूला फोन केला.

"जय भीम ताई. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून निघजो, मी टेसनवर येतो घ्याले."

"पिंटू, मी येत नाही. माही ट्रायल हाय."

"तुह्याशिवाय कसं होईन?"

"आईबाबा येतीन. तू हायेस."

"मी? मी काय बोलू? तू म्हण ना त्यायले, भावाची सोयरीक हाय म्हणून. एक दिवस पुढे ढकलता येत नाही का? पोतं कुठं पळून चाललं का तुहं?"

ते शेवटचं वाक्य तिला लागलं. पिंटूलाही बोलल्यावर ते कळलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "तसं नाई ताई."

"तसंच हाय," ती म्हणाली. "पोतं पळत नाही. बाजू पळतात. त्या परत आणाच्या हायत मले."

त्या रविवारी ब्रेकेजची नोंद घ्यायला, म्हणजे धागे किती तुटतात आणि किती वेळ तुटलेले राहतात ते बघायला, मला उभं केलं होतं. प्रियदर्शनी टोपी घट्ट बांधून आली. फोन घरी होता. तिनं यंत्राला हात लावून कपाळाला लावला आणि चालायला सुरुवात केली.

तिचं चालणं मी किती वर्णन करणार? ती घाई करत नव्हती आणि रेंगाळतही नव्हती. धागा समोर आला की हात जायचे, पाय मात्र जेमतेम थांबायचे. शालिकराम गल्लीच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा. एकदा तिच्या मागे, अगदी त्याच्या नाकासमोर, लागोपाठ दोन धागे तुटले. ते तिला दिसले हे मला कळलं, कारण तिचा खांदा किंचित हलला. शालिकराम बघत होता. आज नापास करायला एवढं पुरेसं आहे असं कोणालाही वाटलं असतं. ती वळली नाही. टोकापर्यंत गेली, दुसऱ्या अंगानं आली, आणि ते दोन्ही धागे इतक्या शांतपणे जोडून पुढे गेली की शालिकरामनं हाताची घडी सोडली.

दुपारकडे एक वेगळी गोष्ट झाली. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला एका जागी लपेट बसली. तुटलेला धागा कधी कधी हवेच्या नळीत जात नाही, वरच्या रोलरलाच गुंडाळत बसतो. बाहेरून ती जागा शांत दिसते. आत मात्र कापूस फुगत जातो, रोलर उचलला जातो आणि शेजारचा चांगला धागाही तुटतो. लपेट ही एकच गोष्ट अशी, जिच्यासाठी फेरी मोडायची मुभा आहे. प्रियदर्शनी सगळं सोडून सरळ तिकडे गेली, आकडीनं गुंडाळलेला कापूस काढला, दोन्ही धागे जोडले, आणि जिथून निघाली होती तिथं परत येऊन फेरी पुढे चालू केली.

पाळी संपली. शालिकराम माझ्या नोंदीकडे न बघताच तिच्याकडे गेला. "प्रियाबाई, उद्या आपल्या बाजूवर या." आणि जाता जाता, "आल्या तुमी परत." शेडमधल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. यंत्रांच्या आवाजात टाळ्या ऐकू येत नाहीत, नुसते हात दिसतात. तेवढे हात मी त्या शेडमध्ये एकदम वर गेलेले कधी पाहिले नव्हते. मला तिचा इतका अभिमान वाटला की माझीच ट्रायल पास झाल्यासारखं झालं.

संध्याकाळच्या फेरीत पहिला फोन पिंटूचा होता.

"ताई, तू नव्हती तर लय गडबड झाली. आईनं तुहा दुधाचा प्रश्न इचारला तिले. ते हासली, आन् मलेच म्हणते, तुमी सांगा, तुमी पहिले काय करसान?"

"मग?"

"मी म्हटलं, ताईले इचारून सांगतो."

प्रियदर्शनीनं डोक्याला हात लावला. "सगळ्यायसमोर?"

"सगळ्यायसमोर. सगळे हासले. मग मले रागच आला ताई. मी म्हटलं, मी दूध ठेवून उठतच नाही, तिथीच उभा राहतो. तर आरती म्हणे, मग ठीक हाय. जमलं ताई."

तिला आनंद झाला. आणि आपल्याशिवाय जमलं म्हणून एक बारीक कळही आली, हे तिनं लपवलं नाही. पण ती कळ तिनं तिथंच राहू दिली, तिच्यामागे गेली नाही.

बाजू हातात आल्या, सोयरीक जमली, आणि प्रियदर्शनीचा फेरीवरचा विश्वास दुप्पट झाला. आता घरात काहीही निघालं की एकच उत्तर, "फेरीत." देवमनला फेरीत, सासूला फेरीत. सुंदराबाईंनाही त्याची सवय झाली होती. म्हणून एका संध्याकाळी प्रियदर्शनी फोनवर असतानाच त्या चहाचा कप ठेवून बोलल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"मित्रा तुह्याशी बोलली का?"

"नाही. काहून?"

"मागं दोन-तीन खेपा आली होती तुह्याजवळ. तू कणीक मळत होती. तू म्हटलं, फेरीत सांगजो."

"मग सांगितलं नाही तिनं."

"हाव ना. नाहीच सांगितलं. आताशा गपच असते पोट्टी." सुंदराबाईंनी कप पुन्हा उचलला. "तुह्या मिलीत सगळे धागे सारखेच तुटतात का व?"

प्रियदर्शनीनं मला सांगितलं, त्या वेळी तिला तो रोलर दिसला. बाहेरून शांत. तिच्या फोनची फेरी तेव्हा अर्ध्यावर होती, लीलाबाईंचा फोन चालूच होता आणि त्या मंडळाच्या चटयांबद्दल बोलत होत्या. तिनं "लीलाबाई, ठेवते" म्हटलं आणि उठून मागच्या ओट्यावर गेली. मित्रा तिथं बसून दप्तराचा तुटलेला बंद शिवत होती.

"मित्रा, तुले काही सांगायचं होतं न?"

"कवा?"

"मागं. मी कणीक मळत होती."

मित्रानं सुईत दोरा ओवला. आईसारखीच बोटं, एका झटक्यात. "झालं ते मम्मी. आता काही नाही."

"सांग न. फेरी-बिरी काही नाही आता. तुह्यासाठी फेरी नाहीच, कवाच."

मित्रानं आईकडे पाहिलं, हसली, आणि सरकून जागा केली. मग शाळेतलं, मैत्रिणींचं, खो-खोच्या मॅडमचं असं कायकाय सांगत बसली. अंधार पडेपर्यंत दोघी ओट्यावर होत्या. आता मित्रा रोज बसते आणि रोज बोलते. घरातला प्रत्येक माणूस फेरीत आहे, मित्रा नाही. ह्या गोष्टीवर प्रियदर्शनी एवढी ठाम आहे की एकदा मीच महत्त्वाच्या कामाला फोन केला तर उत्तर आलं, "पोट्टी बोलून राहिली, उद्या कर."

ह्या महिन्यापासून शालिकरामनं नव्या पोरी शिकवायचं काम तिच्याकडे दिलंय. त्या शेडमध्ये हे काम पहिल्यांदाच एका बाईकडे आलं. ती त्यांना चालायला शिकवते. मग एखादा रोलर थांबवून, त्याच्यावर गुंडाळलेला कापूस बोटानं दाबून दाखवते आणि म्हणते, हे दिसलं की माझंसुद्धा ऐकू नका, सरळ तिकडे जा.

पण त्या दिवशी मित्राला काय सांगायचं होतं ते मित्रानं अजून सांगितलेलं नाही. प्रियदर्शनीनं दोनदा विचारलं, ती म्हणाली, आठवत नाही. खरंच आठवत नसेल. परवा बसमध्ये प्रियदर्शनी माझ्या शेजारी बसली होती. नांदगाव पेठचा फाटा मागे पडला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले काय वाटते व, काय असन ते?"